कॅन्सरचं कारण विचाराले आलेल्या पोरी

आता ऐका. शेलूबाजारच्या आमच्या गल्लीत मागच्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या दोन पोरी आल्या. तोंडाचा कॅन्सर कायनं होते ते शोधाले. ज्यायले झाला त्यायलेही विचारत, अन् धडधाकट मानसायलेही. म्हणे, दोघायच्या राहणीत फरक काय ते पाहा लागते. मले तर असा हुरूप आला! तुमी काय खाता, चूल कायची, शेतात काय फवारता, असं बसून मले जन्मात कोनी विचारलं नव्हतं.

पण आमच्याकडे एकीले विचारलं का सारी गल्ली उत्तर देते. त्यातल्या एका पोरीनं माह्या धाकट्या जावेले विचारलं, "काकू, तंबाखूचं मंजन लावता का?"

जावेच्या आधी सासूच बोलली, "आमच्या घरात? हॅट्!"

शेजारीन म्हणे, "कोनीच नाई लावत वं माय इथं."

जावेनंही 'नाई' म्हणून मान हलवली. मले मात्र ठाऊक होतं. ती मोरीत डबी लपवून मंजन घासे. पोळ्याच्या सणापासून तं ठेच्याले हात लावत नव्हती, तोंड जळे.

पोरगी मले बाजूले घेऊन म्हणाली, "मोठ्या काकू, खोटं 'नाही' लिहिलं तर कारण सापडणार कसं? मला त्यांच्याशी एकांतात बोलायचंय."

"एवढंच? तू तिले घरात ने. बाकीच्या माह्याकडं."

मंग काय बाप्पा, मी आंगनात बसली न् सुरू झाली! माह्या लग्नात भाजीत मीठ टाकाचं राह्यलं इथपासून तं नवऱ्यानं मंगरूळपीरच्या बसमधून भलत्याच बाईची पिशवी आणली इथवर. सासू उठाले लागली का मी म्हणे, "बसा ना, मजा तं पुढंच हाय!"

"तुह्या तोंडाले कुलूप नाई का वं?"

"किल्ली हरपली!"

बाया हसून राह्यल्या, अन् माहे डोळे मात्र बंद दाराकडं.

दार उघडलं. जाऊ आली ते सरळ सासूसमोर. "मी लावतो मंजन. लई वर्सापासून. तोंडात पांढरा डाग पडला."

सासू तटकन उठली.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी मारलं असतं."

"मारीनच. आधी बरी तं हो." बुढीनं तिचा हात गच्च धरला अन् पोरीले विचारलं, "कोठं दाखवा लागते इले?"

"वाशिमला, सरकारी दवाखान्यात. डाग कशाचा ते डॉक्टरच सांगतील, पण उशीर नका करू."

"चाला मंग," म्हणत सासूनं चप्पल शोधली. अन् शेजारीन हळूच पोरीची ओढणी खेचून राह्यली होती, "बाई, माह्या घरातबी ये ना जराशी. एकटीच ये."