चव उत्तम

भंडारा जिल्ह्यात आजवर जेवढे म्हणून मास्तर आणि मास्तरणी झाल्या, त्या सगळ्यांना तराजूच्या एका पारड्यात बसवलं, मलाही त्यात शेवटी कोंबलं, आणि दुसऱ्या पारड्यात आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मोठीमायला नुसतं टेकवलं, तरी पारडं तिच्याकडेच झुकेल. एक तर तिचं अंगच दणकट. आणि दुसरं म्हणजे, मला डी.एड.च्या दोन वर्षांत जे कळलं नाही ते चौथी नापास झालेल्या या बाईने चुलीपाशी बसून शिकवलं. मोठीमाय म्हणजे आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ही नक्की कोणाची मोठीमाय, हे मात्र गावात कोणी सांगू शकत नाही. सरपंचांची आहे, आणि सरपंचांच्या म्हाताऱ्या बापाचीही आहे! मी भंडाऱ्याहून बदली होऊन सिहोऱ्याच्या पलीकडच्या या गावात आले, तेव्हा तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मॅडम, जेवता किती?" मी लाजून म्हणाले, थोडंसं. "मंग शिकवणं बी थोडंसंच होईन," ती म्हणाली आणि भात उपसायला वळली.

तिच्या स्वयंपाकघराचा एक कायदा होता. ताट घेऊन येणाऱ्याने आधी घरची एक बातमी सांगायची, मगच वाढणं. "आमची म्हैस व्याली." वाढ. "आजी काल पडली." वाढ, आणि वर एक डाव जास्त. "काहीच नाही झालं." "काहीच नाही झालं असं घर असते का रे कुठी? जा, आठवून ये!" पोट्टे रांगेच्या शेवटी जाऊन आठवत उभे राहायचे. त्या बातम्यांवरून उद्या कोण येणार नाही, कोणाची माय तापाने फणफणली आहे, कोणाच्या घरी भांडण पेटलं आहे, हे तिला माझ्या हजेरीपटाच्या आधी ठाऊक असायचं. तपासणीला आलेल्या साहेबांनाही तिने सोडलं नव्हतं. "साहेब, तुमच्या घरी काय नवीन?" साहेब बिचारे ताट धरून गोंधळले आणि बोलून गेले की मुलीचं लग्न जमत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणेरावळे जमतात, सोयरिकी जुळतात. "मंडईले या," मोठीमायने साहेबांना आवतन दिलं. "तीन पोरं दाखवून देईन." तेव्हापासून ते साहेब आमच्या शाळेच्या तपासणीला कधी टाळाटाळ करत नाहीत.

शाळेवरून जाणारा रस्ता तर तिने जणू विकतच घेतला होता. जो दिसेल त्याला हाक, "काहून बा, फुकट जाऊन राहिला का? ये, लेकराईले काही सांगून जा." तुमसरच्या राइस मिलमधला एक कामगार सुट्टीवर आला होता, त्याला तिने सरळ माझ्या वर्गात आणून बसवलं. मी फळ्यावर वजन-मापं शिकवत होते. त्याने खिशातून मूठभर धान काढलं आणि दाणा दाताखाली धरून तो वाळला की ओला हे कसं ओळखायचं ते दाखवलं. मग काय! अख्खा वर्ग कट्ट कट्ट करत धान चावू लागला आणि माझी मापं फळ्यावरच राहिली. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापायी गावात कोणाशीच न बोलणारा एक म्हातारा होता. तिने त्याला दोर वळायला शिकवायला बसवलं. आठ दिवसांत तो म्हातारा केस विंचरून, स्वच्छ धोतर नेसून, घंटेच्या आधी हजर राहू लागला. मी एकदा वैतागून म्हणाले, "मोठीमाय, अहो, वेळापत्रक म्हणून काही असतं!" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, शाळेच्या भिंती पानी अडवाले बांधल्या, माणसं अडवाले नाही."

आता प्रणालीचं सांगते. पाचवीत आली ही पोर. तिचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं, नव्या वसाहतीत बापाचा जीव रमेना, म्हणून तो बायकोच्या माहेरी, आमच्या गावी येऊन राहिला. पोर शाळेत यायची, बसायची, पण बोलायची म्हणून नाही. एक शब्द नाही! मी गोडीने विचारलं, रागावून विचारलं, शेवटी प्रगतिपुस्तकात "प्रतिसाद नाही" असं लिहून मोकळी झाले. बाप म्हणाला, "बोलतच नाही त मंग कायले पाठवू? पोरगी घरी बकऱ्या चारीन. दिवाळीपर्यंत पाहतो, नाही त दाखला काढून नेतो." खरं सांगते, मला त्या वेळी थोडं सुटल्यासारखंच वाटलं. आजही त्याची लाज वाटते.

मोठीमायच्या रांगेतही ती मुकीच. पहिल्या दिवशी पोट्टे ओरडले, "इनं बातमी नाही सांगितली!" मोठीमायने तिचं ताट भरलं आणि म्हणाली, "इची बातमी अजून शिजून राहिली. गप राहा." आणि दुसऱ्या दिवसापासून तिला चूल दिली. म्हणजे चाखायचं काम दिलं. शाळेतलं जेवण पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचं आणि चवीच्या वहीत तसं लिहून सही करायची, असा नियम आहे. मी तो नियम फार काटेकोर पाळत असे. सकाळी हजेरीबरोबरच "चव उत्तम" लिहून टाकत असे, तांदूळ धुवायच्याही आधी! चुलीपाशी मात्र रोज प्रणाली चमचाभर खिचडी जिभेवर घ्यायची. मोठीमाय चिमटीत मीठ धरून तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची. पोरीने 'नाही' अशी मान हलवली की चिमूट पातेल्यात. मान डोलावली की रांग सुरू. मला वाटे, म्हातारीचे लाड, दुसरं काय.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस होते. प्रणालीचा बाप दाखला न्यायला आला आणि ओसरीवर बसला. पोर दप्तर मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी. नेमके त्याच दिवशी साहेब. त्यांनी चवीची वही बघितली, "चव उत्तम" वाचून खूश झाले आणि पोरांच्या पंगतीत जेवायला बसले. पहिला घास उचलला. तेवढ्यात प्रणाली ओसरीवरून धावत आली, पातेल्यातला डाव उचलून जिभेला लावला आणि ओरडली,

"थांबा! यात मीठच नाही!"

तो आवाज कोणाचा, हेच आधी कोणाला कळेना.

"साहेब, मोठीमायवर नका रागावू," पोर रडत रडत बोलतच सुटली. "तिले चव नाही लागत. मागं ताप आलता ना, तवापासून. मीठ टाकलं का नाही, तिले समजत नाही. रोज मी चाखतो. आज मी बाबापाशी बसून राहिली. चूक माही आहे."

साहेबांनी घास ताटात ठेवला. वहीकडे बघितलं. मग माझ्याकडे. धरणीमाते, पोटात घे! मोठीमायचं मात्र भलतंच. तिने डोळे पुसले, ताट घेतलं, ते काठोकाठ भरलं आणि म्हणाली, "आली का वं बाई तुही बातमी! बस, जेव."

मीठ घातल्यावर सगळे जेवले. साहेब जाताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्यापासून चाखत जा." ओसरीवरून बाप उठला. "तो कागद राहू द्या," म्हणाला आणि दप्तर पोरीच्या जागेवर नेऊन ठेवून गेला.

संध्याकाळी भांडी आवरताना मी मोठीमायला विचारलं, "एवढे महिने मला कसं कळलं नाही हो?" "एक दिस चाखलं असतं त समजलं असतं," ती म्हणाली. मी पुढचं पातेलं घासायला ओढलं. मग तीच म्हणाली, "मॅडम, मी पोरीले बोलती कराले नव्हतं ते काम देलं. मले खरंच गरज होती. लेकराले समजते, कोन खोटी गरज सांगते अन् कोन खरी."

आता ती स्वयंपाकाला येत नाही. गुडघे गेले. नवी बाई चांगली आहे, पण बातमी विचारत नाही. ती मीच विचारते, आणि रोज चमचाभर चाखून मगच वहीत लिहिते. माझ्या हातून जे थोडंफार बरं शिकवणं होतं, ते मोठीमायचे उपकार आहेत, दुसरं काही नाही. प्रणाली सिहोऱ्याला दहावीत आहे. मागल्या मंडईला मी मोठीमायकडे जेवायला गेले, तर स्वयंपाक प्रणालीनेच केला होता आणि मोठीमायजवळ बसून ती सांगत होती, "मोठीमाय, वांगं गोड आहे. लसूण जरा जळला, पन वास चांगला येऊन राहिला. मीठ बरोबर आहे. तिखट जिभेच्या शेंड्यावर लागते, मंग उतरते." मोठीमाय घास हातात धरून थांबायची, ऐकायची, मग तोंडात टाकून सावकाश चावायची. मी मध्येच काहीतरी बोलायला गेले, तर तिने डावा हात वर केला.

"थांबा मॅडम, जेवू द्या. तिचं अजून वरणाचं सांगाचं राहिलं."