एक ओमची अर्थिंग

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. आमच्या बाबांनी छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात देवऋषी, अंगारा, भूतबाधा सगळं बंद. शाळेतली पोरं दुपारी ज्या झाडाखालून जायला घाबरायची, तिथे बसून मी चिंचा खायचो. त्यामुळे खालचा अनुभव मी भुताचा म्हणून सांगत नाही. कशाचा म्हणून सांगतोय, ते मलाही ठाऊक नाही.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा काळ असेल. मी टेलिफोनच्या एका वायरलेस स्टेशनवर टेक्निशियन होतो. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता... गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. एक खोली, मागे लोखंडी मनोरा, भोवती तारेचं कुंपण, आणि मनोऱ्यापासून दहा पावलांवर, मोहाच्या झाडाच्या बाजूला, अर्थिंगचा खड्डा. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की त्या पट्ट्याचा चंद्रपूरशी संबंध या एका खोलीतून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... अशा खड्ड्यात खोलवर तांब्याची प्लेट पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात, आणि प्लेटची तार वर आणून मशीनला जोडतात. वीज पडली तर ती या वाटेने जमिनीत जाते. म्हणून मशीन सुरू करताना अर्थ सगळ्यात आधी तपासायची. बंद करताना आधी सेट, मग चार्जर, मग बॅटरी; अर्थ सगळ्यात शेवटी.

महिन्यातून एकदा ती मोजायची. थोड्या अंतरावर दोन लोखंडी खुंट्या ठोकायच्या, टेस्टरचं हँडल फिरवायचं, आणि काटा किती ओम दाखवतो, म्हणजे जमीन विजेला किती अडवते, ते बघायचं. आकडा जितका कमी, तितकी अर्थिंग चांगली. पाच ओमच्या आत आलं की पास. खुंट्या ठोकायला आमचे चौकीदार, मडावीभाऊ. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा.

आकडा यायचा एक. दर महिन्याला एकच. पावसाळ्यात ठीक आहे हो, पण मे महिन्यात जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या, तेव्हाही एक. बाकीच्या स्टेशनवर उन्हाळ्यात हाच आकडा चढायचा. मला वाटलं मडावीभाऊ गुपचूप खड्ड्यात पाणी ओतत असतील. विचारलं.

"बाबू, इथी प्याले पाणी नाई," ते म्हणाले, "जमिनीले कुठून पाजू?"

मग टेस्टरवर संशय घेतला. दुसरा मागवला. तोही एक. शेवटी संशय सोडला आणि रजिस्टरमध्ये लिहीत गेलो.

त्या मे महिन्यात चंद्रपूरहून साहेब जीप घेऊन आले. एकदोन ठिकाणी तांब्याच्या प्लेटा चोरीला गेल्या होत्या म्हणे. वरून ऑर्डर होती, प्रत्येक खड्डा उकरून प्लेट डोळ्यांनी बघा. सकाळी नऊला मी अर्थ मोजली. साहेब खोलीत पंख्याखाली बसलेले. मी बाहेरून आकडा सांगितला, त्यांनी आत लिहून घेतला... एक. मग नियमाप्रमाणे सगळं बंद केलं, सगळ्यात शेवटी अर्थ सोडवली, आणि मडावीभाऊंनी खणायला घेतलं.

छातीइतकं खोल गेल्यावर कोळसा लागला. त्यात तार लागली. तारेला प्लेट नव्हती.

खोटं कशाला बोलू, माझी नजर आधी मडावीभाऊंवरच गेली. मागच्याच महिन्यात त्यांच्या पोरीचं लग्न झालं होतं. मी त्या मांडवात जेवलो होतो, आणि डोळ्यांसमोर आला तिथला नवा तांब्याचा गुंड, पाण्याचा मोठा हंडा. साहेबही त्यांच्याकडेच बघत होते.

मी खड्ड्यात उतरलो. तेव्हा मोहाचं मूळ दिसलं. मनगटाएवढं जाड मूळ, तारेचं टोक त्याने असं गिळलेलं की हातोडी मारली तरी सुटेना. कोळशाचा थरही कुणी हलवलेला दिसेना. महिन्या-दोन महिन्यांचं काम नव्हतं ते. ही प्लेट गेली तेव्हा या स्टेशनवर मी नव्हतो, मडावीभाऊही नव्हते. कदाचित ती कधी बसवलीच नव्हती.

मी साहेबांना मूळ दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, घाम पुसला.

"रामटेके, हे मूळ खरं धरलं तर प्लेट कित्येक वर्षं नाही."

"हो साहेब."

"मग गेल्या महिन्यात एक ओम कुठून आला? आज सकाळी कुठून आला?"

मी खड्ड्यातून वर आलो.

"आज सवयीने एक बोललास असं धरू; पण एप्रिलचा आकडा खरा, तर तेव्हा प्लेट होती. म्हणजे हा चोर. तोही खोटा, तर तू खोटा. तिसरं काही असतं का? चार वाजेपर्यंत लिहून ठेव. जाताना चौकीत तक्रार देतो."

ते जेवायला जंगल खात्याच्या रेस्ट हाउसवर गेले. मी धावत जाऊन टेस्टर आणला. तीच तार, त्याच खुंट्या, त्याच भोकात. हँडल फिरवलं. काटा थेट शेवटाला जाऊन आपटला, म्हणजे अर्थिंग नाहीच. मुळासकट तारेवर पुन्हा कोळसा दाबला, माती लोटली, पायाने ठोकली. तरी शंभराच्या वर. प्यायच्या माठातलं पाणी ओतलं. काटा थोडा हलला, बस. सकाळी जे काही तिथे होतं, ते खड्डा उघडल्यावर नव्हतं.

मडावीभाऊ झाडाखाली उकिडवे बसले होते. म्हणाले, "बाबू, चौकीत मले मारतीन का?"

त्या भागात, त्या दिवसांत, आदिवासी माणसावर तांब्याच्या चोरीची तक्रार म्हणजे मार ठरलेलाच. माझे खरे आकडेच त्यांच्या गळ्यात अडकले होते.

मी टेबलाशी बसून लिहिलं: 'मी या स्टेशनवर आल्यापासून एकदाही अर्थ मोजली नाही. रजिस्टरमधले सर्व आकडे मनाने लिहिले. आज सकाळचा आकडाही मनानेच सांगितला.' खाली सही.

चारला परत आल्यावर साहेबांनी ते दोनदा वाचलं. "नोकरीवर बेतू शकते. कळते ना तुले?"

"हो साहेब."

"आणि खरं काय आहे?"

"लिहिलंय तेच."

कागद घडी करून त्यांनी खिशात टाकला. तक्रार दिली नाही. जीप गेल्यावर मडावीभाऊ जवळ आले आणि जरा रागानेच म्हणाले, "काऊन असं लिवलं बाबू? दर महिन्याले खुंट्या मीच ठोकून राह्यलो होतो ना."

"तुम्ही हे कुणाला सांगू नका," मी म्हटलं. माझ्या माहितीत त्यांनी सांगितलं नाही.

नोकरी वाचली. सर्व्हिस बुकात लाल शाईची नोंद झाली, आणि पावसाळ्याआधी बदली. जायच्या आधी मीच तिथे नवी प्लेट पुरली. भरपूर कोळसा, भरपूर मीठ, टँकरचं पाणी, सगळं पुस्तकाप्रमाणे. आकडा आला सात. पुन्हा खणून घातली, तरी सहाच्या खाली काटा आला नाही.

पुढे नोकरीत मोठमोठ्या इंजिनिअरांना विचारलं. कुणी म्हणालं खाली लोखंडाचा दगड असेल, कुणी म्हणालं पाण्याचा झरा. असेल. पण खड्डा उघडल्यावर दोन तासांत तो दगड किंवा तो झरा कुठे गेला, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. शेवटी सगळे हसून एकच म्हणायचे, "रामटेके, तुम्ही तेव्हा मोजलंच नसेल."

मी वाद घालत नाही. कसा घालणार? तसं मी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय.