देशात शेवटचा, इंदापुरात पहिला

आधी चहा घ्या. मी जे सांगणार आहे त्यात माझी अब्रू जाते, आणि ती रिकाम्या पोटी जाऊ नये एवढीच माझी इच्छा आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापुरात स्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं. दुकानाबाहेर एक फळा. त्यावर मी दर आठवड्याला खडूनं लिहायचो की गेल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी देशभर कुठला पिक्चर जोरात चालला आणि कुठला आपटला. आता कानपुरात काय चाललंय त्याच्याशी इंदापूरच्या माणसाला काय करायचंय, असं तुम्ही विचाराल. तेव्हाही लोक विचारायचे. पण वाचल्याशिवाय पुढं कोणी जायचं नाही.

माहिती कुठून मिळायची? पुण्याहून. पिक्चरच्या धंद्यातल्या लोकांसाठी एक इंग्रजी साप्ताहिक निघायचं, ते पुणे गाडीचा कंडक्टर मला शुक्रवारी दुपारी आणून द्यायचा. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याचा अर्थ लावायचो. हळूहळू लोक मला 'पंडित' म्हणायला लागले. पहिल्यांदा चेष्टेनं म्हणाले असतील, पण मी ते मनापासून घेतलं. तिथंच घात झाला.

आमच्याकडं एक जुनं थेटर होतं, तात्यांचं. तात्या म्हणजे साधा माणूस. उसाच्या घरातला, पण जीव सगळा पडद्यात. एका बुधवारी ते दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. कॅसेट नको, चहा नको.

"पंडित, थेटर चाललं," ते म्हणाले.

"चाललं म्हणजे? चांगलंच की."

"चाललं म्हंजी हातातनं चाललं. आमच्या थोरल्या भावाला, आण्णांना, तितं खताचं गोडाऊन करायचंय. म्हनले, शुक्रवार, शनवार, रयवार, नऊ खेळ. नऊच्या नऊ भरून दाखीव. न्हाय भरलं तर सोमवारी खुर्च्या काढायच्या."

एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. खरं सांगतो, मला त्या माणसाचं वाईट वाटलं. मी छाती पुढं काढून म्हणालो, "तात्या, देशातला नंबर एक पिक्चर तुम्हाला उद्या सांगतो. काळजी सोडा."

साप्ताहिक शुक्रवारी येणार आणि पिक्चर गुरुवारीच ठरवायला हवा. मग काय करायचं? मी बारामती गाठली. बारामतीला तेव्हा काही पिक्चर पुण्याबरोबरच लागायचे. म्हटलं, देशाची नाडी इथंच बघू.

तर काय सांगू, एका थेटरासमोर ही गर्दी! रांग गेटातून बाहेर येऊन रस्त्याला लागलेली. आणि रांगेत कॉलेजची पोरं नाहीत. पागोटेवाले म्हातारे, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. नऊवारीतल्या आज्या. एकीच्या काखेत बाजाराची पिशवी, त्यातून मेथी डोकावतेय. असले लोक पिक्चरला रांग लावतात? माझ्या अंगावर काटा आला. सत्तरीची माणसं उन्हात उभी आहेत म्हणजे पिक्चर देश हलवणारच.

तरी मी पंडित, खात्री केल्याशिवाय कसा राहीन? रांगेतल्या एका आबांना विचारलं. शेळगावचे बिरूआबा. पांढऱ्या मिशा, कपाळाला भंडारा.

"आबा, कसा हाय पिक्चर?"

"झ्याक. मी दुसऱ्यांदा बघतोय. आज कारभारनीला दावाय आनलीय."

"आवडला एवढा?"

"बगून डोळं भरून आलं, पोरा."

बस्स. मी पुढं एक शब्द विचारला नाही. काय बघून डोळे भरले, हा एवढासा प्रश्न. पोस्टकार्डावर मावला असता. पण ज्याला सगळं ठाऊक असतं तो प्रश्न कशाला विचारेल?

गुरुवार हा बारामतीच्या बाजाराचा दिवस, आसपासची मेंढरंवाली मंडळी त्या दिवशी गावात असतात, हेही मला ठाऊक होतं. पण तेव्हा डोक्यात दिल्ली आणि कलकत्ता होतं. शेळगावला जागा नव्हती.

पिक्चरचं नाव सांगत नाही. काढणाऱ्यानं बिचाऱ्यानं आधीच खूप सोसलंय. संध्याकाळी तात्यांना फोन केला, तात्यांनी पुण्याच्या वितरकाला केला, आणि बारामतीची प्रिंट शुक्रवारी सकाळी इंदापुरात आली. इतक्या सहज कशी आली, हाही विचार करण्यासारखा मुद्दा होता. मी केला नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'देशात नंबर एक! आजपासून आपल्या इंदापुरात!' तात्यांनी रिक्षाला भोंगा बांधून तेच गावभर ओरडायला लावलं.

दुपारी पुण्याची गाडी आली. कंडक्टरनं साप्ताहिक दिलं. मी वरून यादी वाचायला लागलो. एक नंबर, आपला नाही. दोन नंबर, नाही. पाच, सात, दहा. आपला पिक्चर सापडला तळाला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, डिक्शनरीशिवाय कळलं: रविवारीच ठिकठिकाणी खेळ बंद पडले, प्रेक्षकच आले नाहीत. देशभरच्या त्या वीकेंडचा सगळ्यात मोठा आपटबार माझ्या फळ्यावर नंबर एक होऊन बसला होता, आणि तीनचा खेळ सुरू व्हायला दीड तास होता.

मी साप्ताहिकाची घडी करून पँटच्या मागच्या खिशात कोंबली. शटर ओढलं आणि आत अंधारात बसून राहिलो. डोळ्यापुढं खताची पोती दिसत होती. तात्यांच्या बाल्कनीत युरिया, आणि मांडीवर टोपी ठेवून बसलेले तात्या.

तीनला पाच मिनिटं असताना शटर वाजलं. बाहेर तात्या, धापा टाकत. म्हटलं, संपलं.

"पंडित, आवो चला लवकर. गेट मोडाय लागल्यात!"

गेलो. बघतो तर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. टेंपो. एका ट्रकमध्ये अख्खी भावकी उभी. शेळगावकडून, सुप्याकडून, कुठून कुठून माणसं उतरत होती. 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड इतक्या वर्षांत लागला नव्हता, तो आधी सापडेना, मग सापडल्यावर पुसायला लागला. सहाचा खेळ फुल्ल. नऊचा फुल्ल. शनिवारी तीनच्या तीन फुल्ल.

आता माणसानं अशा वेळी काय करावं? गुपचूप देवाला हात जोडावेत. मी काय केलं? थेटरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलो.

लोक येऊन हात मिळवायचे. "पंडित, मानलं तुमाला." मी मान डोलवायचो. खिशात साप्ताहिक टोचत होतं, पण आता मला वाटायला लागलं की छापणाऱ्याचंच चुकलंय. दिल्लीतल्या माणसाला काय कळतंय? खरी नाडी इथं माझ्या बोटाखाली होती. आत जाऊन पिक्चर बघायची मला गरजच वाटली नाही. एक गोष्ट मात्र नजरेला आली. खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला की आतून शिट्ट्या, आरोळ्या, आणि लगेच निम्मं थेटर हसत बाहेर येऊन पुढच्या खेळाच्या रांगेत उभं राहायचं. कोणी डोळे पुसत असायचं.

थोरले आण्णा माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "पिक्चर पुरा न बगता ही मानसं भाईर का येत्यात?"

"आण्णा, ह्याला रिपीट व्हॅल्यू म्हणतात," मी सांगितलं. आण्णा गप्प झाले. मोठी माणसं गप्प झाली की फार बरं वाटतं हो.

रविवारी दुपारपर्यंत नवव्या खेळाचीही तिकिटं संपली. थेटर वाचलं. तात्यांना रडू आवरेना, मलाही आवरेना. सहाच्या खेळाआधी पायरीवर सत्काराचा कार्यक्रम ठरला. मी घरी जाऊन आंघोळ केली, लग्नातला सफारी घातला आणि आरशापुढं भाषण म्हणून बघितलं. 'राष्ट्राची नाडी' हा शब्द त्यात चार वेळा होता. साप्ताहिक सवयीनं खिशात घातलं, नंतर जाळायचं म्हणून.

पायरीपुढं सगळा तालुका लोटलेला. फोटोग्राफर तयार. तात्या माईकवर म्हणाले, "ज्याच्यामुळं माझं थेटर वाचलं, त्याचा मान मी आज जाहीर करतोय." आणि त्यांनी झेंडूचा हा जाडजूड हार उचलला.

मी दोन पावलं पुढं आलो. नम्रपणे मान खाली घातली.

मान खाली घालून मी बराच वेळ उभा होतो. हार काही येईना. टाळ्या मात्र कडाडल्या. हळूच वर बघितलं तर हार माझ्या शेजारून पुढं निघून गेलेला, आणि बिरूआबांनी ट्रकमधून उतरवलेल्या एका मेंढ्याच्या गळ्यात पडलेला. टोकदार वळलेली शिंगं, पाठीवर भंडारा, चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वास.

"हे काय?" माझ्या तोंडातून निघालं.

बिरूआबा माझ्याकडं बघतच राहिले. "आरं, पिक्चरात ह्योच न्हाय का? आमचा सोन्या. सुप्याच्या माळावर शूटिंग झालं की. अर्ध्या तासानं हिरॉइन गानं म्हनती, आन मागनं समदा आमचा कळप येतो. आमची म्हातारीबी दिसती त्यात, उजव्या कोपऱ्यात. तू बगितला न्हाईस?"

कुठला बघतोय! तीन दिवस पायरीवर बसलेला पंडित!

आण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही रिपीट व्हॅल्यू व्हय?"

मग फोटो काढायचा ठरला. सोन्या एका जागी उभा राहीना. बिरूआबांनी दोर माझ्या हातात दिला. "सफारीवालं, धरा जरा." मी धरला. फोटोग्राफर 'हसा' म्हणाला तेवढ्यात मागून खिसा ओढल्यासारखं झालं. वळून बघितलं तर साप्ताहिक सोन्याच्या तोंडात. देशभरचं वीकेंड त्यानं सगळ्यांदेखत चावून गिळलं, तळातल्या बारीक अक्षरांसकट.

तो फोटो तात्यांनी थेटरात लावला. खाली सोन्याचं नाव आहे, बिरूआबांचं आहे. दोर धरणाऱ्याचं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी तात्या दुकानात आले. मी खुर्ची पुसली, डिक्शनरी पुढं ओढली. "बोला तात्या, आता कुठला आणायचा? देशात सध्या..."

"देशाचं ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "बिरूआबा आज बाजारला जानार हायत का, तेवढं सांगा. कुठल्या कुठल्या पिक्चरात मेंढरं हायत, त्येंना समदं ठावं हाय."

ते गेल्यावर मी उठलो. फळा पुसला आणि खडूनं ठळक लिहिलं, 'पिक्चरच्या चौकशीसाठी बिरूआबांना भेटा. गुरुवारी, बारामती बाजार.'

लोकांनी थांबून वाचलं. म्हणाले, पंडितानं पहिल्यांदाच बरोबर लिहिलं.