यात त्यांचा काय फायदा?

किसनमामा गेल्याचं मला फोनवर कळलं. भरदुपारी मी मेथी निवडत बसले होते. पलीकडून मामेभाऊ प्रकाश सांगत होता, दादा गेले, सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली... आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "डॉक्टरनं नीट तपासलं का?" तो म्हणाला, ताई, दादाच बोलल्यासारखं वाटलं. मला आधी हसू आलं आणि मग त्या मेथीवरच रडू कोसळलं. जन्मभर ज्या स्वभावावर मी वैतागत आले, तो माझ्यातच येऊन बसलाय हे असं कळायला नको होतं.

कुंभार पिंपळगावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. प्राथमिक शाळेतले मास्तर, धोतर जाऊन पायजमा आला तरी टोपी तीच. माझे वडील मी लहान असतानाच गेले आणि आई मला घेऊन भावाच्या घरी आली, त्यामुळे मामा हेच माझे बाप, शिक्षक आणि फौजदार. माणूस कमालीचा संशयी. आठवडी बाजारात शेंगा घ्यायच्या तर आधी विकणाऱ्याला एक खायला लावायचे. डॉक्टरनं सुई काढली की बाटली मागून घेऊन वाचायचे. कुणी घरी पेढे आणले तर पेढा हातात धरून कारण विचारायचे, आणि कारण पटलं तरच तोंडात टाकायचे. सरकारातला कुणी हसत हसत आला तर मामा खुर्ची जराशी मागे सरकवायचे. "यात त्यांचा काय फायदा?" हा त्यांचा प्रश्न. फायदा सापडला नाही की त्यांचा संशय दुप्पट व्हायचा.

हे उगाच आलेलं नव्हतं. निजामाच्या काळात ते शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले. एका मास्तरांनी त्यांना गोड बोलून सांगितलं की तुला आत बसवतो, तू तेवढं आवार झाडत जा. मामांनी सगळा हंगाम आवार झाडलं. मास्तरांची बदली झाली, मामा दाराबाहेरच राहिले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी शाळेत कुणाच्या तरी गोड बोलण्याला भुलले म्हणून. पुढं छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव मामांनी स्वतः नदीत नेऊन सोडले. सगळ्या जगावर अविश्वास दाखवणाऱ्या या माणसानं तेवढी एकच गोष्ट काही न विचारता केली, असं आई सांगायची.

मी औरंगाबादला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं ती वर्षं बहात्तरच्या दुष्काळानंतरची. पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं हे वेड माझ्या डोक्यात कुणी घातलं ते आता आठवत नाही, पण एकदा घुसलं ते निघेना. तेव्हा शिष्यवृत्ती शोधायची म्हणजे विद्यापीठाच्या फलकासमोर मान वाकडी करून उभं राहायचं, ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिराती चाळायच्या आणि ज्याच्या दूरच्या नात्यातलं कुणी बाहेर गेलंय त्याच्या मागं मागं हिंडायचं. अशातच केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची माहिती हाती लागली. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना परदेशी शिक्षणाचा सगळा खर्च मिळणार होता. मी पळतच गावी आले. अडचण पुढं कळली. राज्यात आम्हाला नवबौद्ध म्हणून सवलती होत्या, पण केंद्राच्या यादीत तेव्हा बौद्ध बसत नव्हते. धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिलं तरच दाखला चालणार होता.

तालुक्याच्या कचेरीतले कारकून भले गृहस्थ होते, निदान मला तसे वाटले. ते म्हणाले, एवढा एक शब्द लिहा, साहेबांची सही मी आणतो, पोरीचं कल्याण होईल. आमच्यातल्या कितीतरी जणांनी तसं केलं होतं आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. मला स्वतःला त्या वयात तो शब्द लिहायला काहीच वाटलं नसतं, हेही सांगून टाकते. मामांनी कारकुनांकडं बराच वेळ पाहिलं, नमस्कार केला आणि मला घेऊन बाहेर आले. घरी आल्यावर आईनं रडून घर डोक्यावर घेतलं.

"लिव की रं किसन," ती म्हणाली. "लिवल्यानं काय देव वापस येणार हायेत का घरात?"

"तो मानूस इतका मदतीला का येऊन राह्यला, ते सांग मला आधी," मामा म्हणाले. "आज आपन लिवून देलं, की उद्या त्याच्या हातात आपला कागद. आन शाळंच्या दाखल्यावर हिचा धर्म मी माझ्या हातानं लिवला. आता दुसरा लिवू, तर मंग खोटं कोनतं होतं?"

मुदत निघून गेली. मी मामांशी बोलणं टाकलं, जेवण वाढलं तरी ताट सरकवून उठून जायची.

आणि इथून माझा संशय सुरू झाला. मामांना मी जायलाच नको आहे आणि धर्म हे नुसतं निमित्त आहे, असं मला वाटायला लागलं. पुरावेही सापडत गेले. त्याच दिवसांत पिंपळगाव रेणुकाईच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं. विकणाऱ्याला खायला लावल्याशिवाय शेंगा न घेणारा हा माणूस, मुलगा डोळ्यांनी न बघता म्हणाला की बरा वाटतोय. मी सर्द झाले. परदेशाचा विषय निघाला की ते उठून गुरांना पाणी दाखवायला जायचे, आणि आमच्याकडं गुरं म्हणजे एक शेळी. आईजवळ ते हलक्या आवाजात काहीतरी बोलायचे आणि मी आले की पावसापाण्यावर यायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायला शिकले. घरात दोन संशयी माणसं झाली आणि मामीचं, बिचारीचं, मधल्या मधे मरण झालं. ती दोघांनाही वेगवेगळं समजवायची आणि दोघंही तिच्यावरच संशय घ्यायचे.

स्थळ मी मोडलं. पुन्हा औरंगाबाद गाठलं. आमच्या विभागप्रमुखांनी मग कॅनडातल्या एका विद्यापीठाची त्यांची स्वतःची शिष्यवृत्ती सुचवली. तिथले एक प्राध्यापक ज्वारीवरच्या काणी रोगावर काम करत होते. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते तो हा रोग, आमच्या शेतकऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा. माझा अभ्यासही त्यावरच होता. त्या अर्जात धर्म कुणी विचारलाच नव्हता. मी घरी न सांगता अर्ज केला आणि काही महिन्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. आता मात्र सांगणं भाग होतं.

मामांनी पत्र उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांकडून वाचून घेतलं. मग अंगणात बसून माझी उलटतपासणी सुरू झाली.

"तिकडं लोक ज्वारी खात्यात का?"

"नाही, मामा. फारशी नाही."

"मंग आपल्या काणीचं त्यायला काय पडलं?"

मी विज्ञान, संशोधन, मानवजात असं बरंच काही बोलले. ते शांतपणे ऐकत होते आणि मला दिसत होतं की एकेका मोठ्या शब्दाबरोबर त्यांचा विश्वास उडत चाललाय. शेवटी म्हणाले, फुकट नेणारा मानूस मला बिलकुल चालत न्हाई, त्यायलाच विचार. मला वाटलं, झालं, ही टाळाटाळ आहे, पत्र जाईल, उत्तर येईपर्यंत जागा दुसऱ्याला जाईल. म्हणून मी होकाराचं पत्र लिहिलं आणि मामांचा प्रश्नही त्यातच इंग्रजीत घातला. माझे मामा विचारतात, की माझ्या येण्यानं तुम्हाला काय मिळणार? मामा पोस्टापर्यंत सोबत आले. पेटीत पाकीट टाकताना लाजेनं माझे कान तापले होते. असलं पत्र वाचून कुठलं विद्यापीठ मला बोलावणार होतं?

उत्तर आलं. त्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं की मामांचा प्रश्न रास्त आहे. त्यांनी हा रोग काचेच्या घरात वाढवून पाहिलाय, शेतात कधी पाहिलेला नाही, त्यांच्या प्रयोगशाळेत कुणीच पाहिलेला नाही. जिनं लहानपणापासून तो पाहिलाय अशी विद्यार्थिनी त्यांना हवी आहे. तिला पदवी मिळेल, पण तिच्या कामाचा फायदा आपल्यालाही तेवढाच आहे. मामांनी सरांकडून ते वाक्य पुन्हा वाचून घेतलं. चेहरा असा खुलला की मी तसा त्यांच्या पगारवाढीच्या दिवशीही पाहिला नव्हता. "आता बराबर," ते म्हणाले. "फायदा हाय म्हंतो. खरं बोलनारा दिसतोय." जगात चांगुलपणावर विश्वास ठेवून पोरी परदेशी पाठवणारे असतील. आमच्या मामांनी मला पाठवलं ते समोरच्यानं स्वार्थ कबूल केला म्हणून.

जालना स्टेशनवर ते सोडायला आले तेव्हाही हमालाच्या मागोमाग ट्रंकेला हात लावून चालत होते. गाडी सुटताना काही बोलले नाहीत. मी मात्र रडले, आणि रडतानाही मनात येत होतं की हा माणूस आता सुटलो म्हणत असेल की गमावली म्हणत असेल... मला खरंच कळत नव्हतं.

शिक्षण संपवून मी परत आले. तिथं राहायची सोय होती, सांगणारेही होते, पण मी आले. घरात पाऊल टाकलं, मामीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मामांनी सगळ्यात आधी पासपोर्ट मागितला. एकेक पान उलटून शिक्के पाहिले. परत जायचा शिक्का यात कुठं हाय का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर, सांभाळून ठेवतो, तू हरवशील, म्हणत स्वतःच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. मला परभणीला शिकवायची नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. पासपोर्ट मी मागितला नाही आणि त्यांनी दिला नाही.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. कान गेले होते, नजर शाबूत होती. मी त्यांच्या शेजारी बसून इतक्या वर्षांचा प्रश्न मोठ्यानं विचारून टाकला. मामा, तेव्हा हिंदू लिहू दिलं नाहीत, ते धम्मासाठी की मला अडवायला?

"धम्मासाठीच," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "पर तुला अडवायला धम्माचं कारन घावलं, म्हनून त्या रातीला मला झोप बी चांगली लागली. तू वापस येशील ह्याचा मला भरोसा नव्हता, माय."

मला राग आला. माझ्या या वयातही, त्यांच्या त्या वाकलेल्या पाठीकडं बघतानाही आला. माझं आयुष्य तिथंच थांबलं असतं, हे त्यांना माहीत होतं. आणि तरी ते खरं बोलले, याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम वाटलं आणि मी त्यांचा हात धरून बसले.

मामांच्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा मामीनं मला आतल्या खोलीत नेऊन पेटी उघडली. त्यांची टोपी, पेन्शनचे कागद, आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला माझा पासपोर्ट. त्याची मुदत कधीच संपलेली होती, आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचणाऱ्या माणसाला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

"घेऊन जा," मामी म्हणाली. "तुहं हाय. परभनीहून यायला तुला उशीर झाला का पेटी उघडून बगायचे. हितंच हाय म्हनायचे, जाती कुठं."

मी फडकं पुन्हा नीट गुंडाळलं आणि पासपोर्ट त्यांच्या टोपीखाली ठेवून पेटी लावली.