उसना तुरुंग

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत कळली नाही आणि मुलांना अजूनही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून. फक्त ऐकताना चेहरा मवाळ करू नका. मला कुणाकडून समजूत काढून घ्यायची नाही.

पन्नासच्या दशकात मी फ्रान्समध्ये शिकत होते, लिऑं शहरात. विषय कापडाच्या रंगाईचं रसायनशास्त्र. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनातल्या कारकुनाची मुलगी शिष्यवृत्ती मिळवून तिथवर पोचली, याचं गावात कोण कौतुक! पण तिथे मी कोण होते? साडीखाली लोकरीचे जाड मोजे घालून शेवटच्या बाकावर बसणारी एक परदेशी बाई. प्राध्यापक भरभर बोलत, निम्मं डोक्यावरून जाई. खानावळीत मांस नको म्हटलं की ताटात उकडलेले बटाटे उरत. अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही पैसे देऊन, सार्वजनिक न्हाणीघरात. माझं नाव कुणाला नीट घेता येत नसे, म्हणून कुणी घेतच नसे.

मादाम ब्लाँ नावाच्या विधवा बाईंकडे माझी खोली होती. त्या शिवणकाम करायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा पॉल छापखान्यात कामाला होता. रविवारी दुपारी त्या मला जेवायला बोलवत. तिथेच ते झालं.

झालं म्हणजे — मी केलं. बघा, इतक्या वर्षांनीही वाक्य कसं अंग चोरतं!

त्या दिवशी पाहुणे होते. मी कुठली, असं कुणीतरी विचारलं. वर्धा म्हटल्यावर कुणाला काही कळेना, म्हणून मी सेवाग्रामचं नाव घेतलं आणि सगळे एकदम माझ्याकडे वळले. आश्रमाबद्दल त्यांनी वाचलेलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, मग तुम्हीही तुरुंगात गेला होतात का? आमच्याकडे हा प्रश्न तेव्हा सर्रास विचारत. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीतही आधी वाढत. मी 'हो' म्हणाले.

गेली होती माझी आत्या. बेचाळीसमध्ये, मी शाळेत असताना. मिरवणुकीत तिने माझा हात धरला होता. पोलीस आले तसा मी तो हिसडून पळाले आणि जिनात सरकीच्या पोत्यांमागे जाऊन लपले. आत्या सुटून आली ती वेगळीच होऊन. खोलीचं दार लावलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. "काऊन लावलं वो दार? उघडं राहू दे ना," असं ओरडायची. आत कसं होतं, असं मी एकदाच विचारलं. म्हणाली, "मले इचारू नोको. माह्याच्यानं सांगनं नाई होत."

म्हणजे तुरुंगाबद्दल मला पुरेसं माहीत होतं. तरी त्या टेबलाशी बसून मी सांगितलं की पहिले काही दिवस भीती वाटते, मग ती जाते आणि माणूस आतून हलका होतो. कुठून सुचलं हे? इतकं सफाईदार फ्रेंच त्याआधी मला कधी बोलता आलं नव्हतं! मादामनी स्वतः उठून मला आणखी चीज वाढलं. पुढचे कितीतरी रविवार मी तो तुरुंग सांगितला, दर वेळी थोडी भर घालून. या थापांची मला लाज वाटते का? फारशी नाही. त्या शहरात पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं, आणि मला ते फार आवडलं.

पॉल काही बोलायचा नाही. नुसता ऐकायचा.

मग त्याला लष्कराचं बोलावणं आलं. अल्जेरियात लढाई पेटली होती आणि त्याच्या वयाच्या पोरांना तिकडे धाडत होते. मी कुणाला मारणार नाही, असं म्हणून त्याने नकार दिला. त्या नकाराला शिक्षा तुरुंगाची होती. आईने रडून आकांत केला. त्याने माझ्याकडे हात केला — ही शाळकरी वयात राहून आली, मला काय होतंय?

तेव्हा बोलायला नको होतं? मी ताटाकडे बघत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, पण त्यामुळे तो लढाईतून वाचला ना? ही पळवाट मी स्वतः पुष्कळ वर्षं वापरून पाहिली आहे, मला शिकवू नका. तो वाचावा म्हणून मी गप्प बसले नव्हते. रविवारची माझी खुर्ची जाऊ नये म्हणून बसले होते.

तो सुटण्याआधीच शिक्षण आटोपून मी परत आले. पुढे त्याचं काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलं नाही. पण निघण्यापूर्वी एक भेट झाली, आणि मला जे सांगायचं आहे ते तिथलं आहे.

मादाम खटपट करून मला तुरुंगात घेऊन गेल्या. मध्ये जाळी होती. पॉल वाळला होता, नखं कुरतडून बोटं सोलवटली होती. त्याने आईला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं — भीती जात नाही, उलट वाढते आहे. दार लागलं की श्वास अडकतो. तुमची कधी गेली होती? माझ्यातच काही कमी आहे का?

खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी गेलेच नव्हते, आणि जी गेली तिची भीती आजतागायत गेलेली नाही — एवढंच सांगायचं होतं. निदान त्याला कळलं असतं की दोष त्याचा नाही.

मी म्हणाले, "सगळ्यांची जाते. तू धीर कमी धरतोस."

त्याने मान खाली घातली. मला निराश केलं, म्हणून त्याने माझी क्षमा मागितली. मी ती केली.