तळ्यापलीकडचा फटका
फेअरवे वुडच्या, म्हणजे गोल्फच्या लांब काठीच्या डोक्यावरच्या टोपीला वाळलेल्या गवताचा वास आला, की इंदूरच्या गोल्फ मैदानावरची ती थंड सकाळ आठवते. ज्याच्या मालाची एजन्सी हवी होती त्या व्यापाऱ्याबरोबर मी आणि फ्रीगंज पेठेतल्या दुकानातला माझा भागीदार खेळत होतो. समोर तळं आलं, तशी मी ही लांब काठी काढली. व्यापाऱ्यादेखत भागीदार म्हणाला, "भाऊ, रहने दो, तुमच्या बस की बात नाही. छोट्या काठीने दोनदा मारा." माझं डोकंच फिरलं. चेंडू दवातून उठला आणि तळं ओलांडून थेट झेंड्याजवळ थांबला. व्यापाऱ्याने टाळ्या वाजवल्या. भागीदार म्हणाला, "तुक्का लागला." एजन्सी मिळाली, पण त्या एका शब्दावरून मी भागीदारी मोडली. राग अजून गेलेला नाही. आता तळ्यापाशी मला कुणी अडवत नाही, आणि मी आपणहून छोटी काठी काढतो.