मावळतीचे अर्घ्य

दत्तोबा चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनवर कायम रात्रपाळीला. सकाळी घरी परतले की गच्चीवरून उगवत्या सूर्याला अर्घ्य देत, डोळे भरून त्याला पाहत आणि मग दिवसभर झोपेसाठी तळमळत. एकदा मशीनवरच डुलकी लागली; बोटे थोडक्यात वाचली. डॉक्टरांनी सांगितले, "सकाळचा प्रकाश डोळ्यांत गेला, की शरीर जागे होते."

तेव्हापासून दत्तोबा काळा चष्मा लावून घरी येतात, खिडक्या झाकून गाढ झोपतात आणि अर्घ्य मावळत्या सूर्याला देतात.

"काय राव, देवालाही सेकंड शिफ्ट?" शेजारी हसला.

"शिफ्ट मला आहे, भाऊ. तो मावळतानाही देवच असतो. त्याने दिलेले हात मी शाबूत ठेवणार, तुम्ही खुशाल हसा," म्हणत दत्तोबांनी पश्चिमेकडे भरली ओंजळ उचलली.